म्हाळाच्या यादीतली चुकीची पणजी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी आपल्या रविवारच्या पुरवणीत घराण्याची वंशावळ कशी काढावी यावर लेख आला होता. चांगला होता, कात्रण ठेवलंय मी. पण त्याच्या शेजारी नमुना म्हणून जो वंशवृक्ष छापला होता तो बघितला आणि राहवेना. सात पिढ्या, चाळीस-पन्नास नावं, आणि बाई एकही नाही. जसे काही सगळे पुरुष थेट झाडालाच लागले. यात तुमच्या लेखकाचा दोष आहे असं नाही म्हणत मी, आपले छापील कुलवृत्तांत उघडून बघा, सगळे असेच. बाई आलीच तर 'अमुक गावच्या तमुकांची कन्या' म्हणून, म्हणजे तिथेपण तिच्या बापाचं नाव.

मी बँकेतून रिटायर झालेली बाई, इतिहासाची अभ्यासक वगैरे अजिबात नाही. पण गेली दोन वर्षं मी माझ्या पणजीच्या मागे लागलेय. (पणजीला शोधायला पणजीला जाते असं घरात सगळे चिडवून झालेत, त्यामुळे तुम्ही नाही चिडवलं तरी चालेल.) त्यातून जे हाती लागलं ते तुमच्या वाचकांना उपयोगी पडेल असं वाटतं म्हणून लिहितेय, पत्र लांबलंय, कापायचं तिथे कापा.

सुरुवात झाली म्हाळाच्या दिवशी. आमच्याकडे पितृपक्षात म्हाळ दादा घालतो. बाबांनी त्यांच्या अक्षरात नावांची यादी करून ठेवली होती, बाबा गेल्यावर दादाने ती लॅमिनेट करून घेतली, म्हणजे दरवर्षी हाताला पाणी लागून खराब व्हायला नको. भटजी विचारत होते, माता, पितामही, प्रपितामही, आणि दादा यादीतून वाचत होता. प्रपितामही म्हणजे पणजी, तिचं नाव वाचलं आणि मागे खुर्चीत बसलेली आमची आते एकदम म्हणाली, "ही न्हय रे. ही पयली. आमची ती दुसरी."

आते अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येतं पण नेमकं हे ऐकू आलं. भटजी थांबले. दादा यादीकडे बघायला लागला, यादी लॅमिनेट केलेली. शेवटी भटजीच म्हणाले की जे काय नाव असेल ते सांगा, पानं वाढून झालीत. आतेने नाव सांगितलं, भटजींनी घेतलं, म्हाळ झाला. आणि मी साठी ओलांडलेली बाई, मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की पणजोबांची दोन लग्नं झाली होती आणि इतकी वर्षं आम्ही आमच्या आजोबांची आई म्हणून भलत्याच बाईला पिंड देत होतो. म्हणजे तिलाही द्यायलाच हवा, बिचारीला मूलबाळ नव्हतं, पण आमच्या खऱ्या पणजीचं काय?

जेवणं झाल्यावर आतेला धरून बसवलं. तिचं म्हणणं असं की ती तरणी असेपर्यंत पणजी जिवंत होती, गोवा मुक्तीच्या आधी तीन वर्षं, म्हणजे १९५८ साली गेली. एकविसाव्या वर्षी विधवा झाली पण केस काढू दिले नाहीत. न्हाव्याला पडवीतून परत पाठवला म्हणे. आलवण कधी नेसली नाही, गडद काठाची लुगडी नेसायची, पांढऱ्या केसांचा लहानसा अंबाडा घालायची आणि सोप्यावर बसायची, जिथे पुरुषमाणसं बसतात तिथे, पानाचं तबक घेऊन. कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, स्वतः बघायची. सुपारीचा सौदा स्वतः करायची. "आणि घर फोडलं तिने," हे आतेने शेवटी जोडलं, अगदी सहज, भाजीत मीठ कमी होतं म्हणावं तसं. दिरांना कोर्टात खेचलं, एकत्र घर मोडलं, कारकुनाबरोबर नाव जोडलेलं होतं, असं सगळं. भावकीत अजून तिला 'घरफोडी' म्हणतात हे मला नंतर चुलतभावाकडून कळलं.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही, भावकीतली बरीच माणसं तुमचाच पेपर वाचतात. एवढंच सांगते की माहेरचं नाव एका नदीचं होतं आणि सासरचं एका देवीचं. हे सांगायचं कारण म्हणजे पहिला घोळ इथेच झाला. मी सुरुवातीला देवीच्या नावाने शोधत होते आणि लग्नाआधीची बाई सापडेना, आणि पोर्तुगीज कागदांत तर स्पेलिंगचं वेगळंच प्रकरण. शेणवीचं सिनाय, कामतांचं कामोतीं, प्रभूंचं पोरोब, श लिहायचा तर एक्स, केणी शोधायचे तर क्यूखाली जा. एकाच फाइलीत माझी पणजी तीन वेगवेगळ्या स्पेलिंगने सापडली. त्यामुळे कोणी शोधणार असेल तर नाव कसं ऐकू येतं ते विसरा, कारकुनाने कसं लिहिलं असेल याचा विचार करा.

तर पहिली गोष्ट म्हणजे गोव्याचं पुराभिलेख खातं. आपल्याकडे एवढी मोठी ठेव आहे याची गोवेकरांना कल्पना नाही हो. १५९५ साली हे दप्तरखाना म्हणून सुरू झालं, दियोगु दु कोउतु हा त्याचा पहिला रखवालदार, आणि विसाव्या शतकात आपल्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी तीस वर्षं ते सांभाळलं, लावलं, वाचलं. मराठ्यांच्या इतिहासासाठी लोक तिथे जातात. पण पणजीसाठीपण जाता येतं हे मला माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात पुराभिलेख म्हणजे व्हाइसरॉय, तह आणि लढाया.

पण मी पहिल्यांदा तिथे नाही गेले, आधी दुसऱ्याच एका कार्यालयात गेले, नाव लिहीत नाही. तिथे खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, तुमचा संबंध काय? म्हटलं पणती. म्हणाले, तुमचं लग्न झालंय ना, मग आडनाव जुळत नाही, भावाला घेऊन या. शंभर वर्षांपूर्वीच्या बाईला शोधायला आजच्या बाईला भाऊ लागतो. दादाला घेऊन गेले, तो बाहेर बाकावर बसून मोबाईलवर मॅच बघत होता, काम मीच केलं.

आता मुद्द्याचं. बाई शोधायची तर वंशावळीत नाही सापडत, ती सापडते पैशाच्या आणि भांडणाच्या कागदात. हे माझं दोन वर्षांचं शहाणपण. गोव्यात तर आपलं नशीब चांगलं आहे, कारण १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८६९ च्या हुकुमाने इथे लागू झाली आणि हिंदूंच्या रीतीरिवाजांसाठी १८८० चा वेगळा कायदा आला. त्यात आपल्या बायकांचं सगळं भलं झालं असं अजिबात नाही. मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून ठरावीक वयानंतर दुसरी बायको करायची सोय हिंदू पुरुषाला त्याच १८८० च्या कायद्यात होती, आणि माझी पणजी घरात आली ती पहिलीला मूल नव्हतं म्हणूनच. पण त्याच व्यवस्थेत माणूस गेला की इन्व्हेंटरी होते, म्हणजे मालमत्तेची मोजदाद आणि वाटणी, आणि त्यात विधवा ही 'काबेसा द काझाल' म्हणून उभी राहते, संसाराची प्रमुख. गोव्यातल्या वकिलांना यात काही नवीन नाही, आजपण इन्व्हेंटरी होतातच. पण जरा डोळ्यांसमोर आणा, १९११ साल, फोंड्याकडच्या कुळागरातली एकविसाची विधवा पोर, पदरी दोन वर्षांचा मुलगा, आणि कोर्टाच्या कागदावर ती संसाराची प्रमुख म्हणून आपल्या घरातली एकेक वस्तू सांगतेय.

ती यादी मी तीन दिवस वाचत होते. पोर्तुगीज मला शाळेत होतं तेवढंच, बाकी एका ओळखीच्या बाईंनी वाचून दिलं. तांब्याचे हंडे दोन, एक फुटका. पितळेची समई. पोफळी मोजून लिहिलेल्या, लागत्या किती, तरुण किती. पाटाचं पाणी कोणाच्या वाट्याला कोणत्या दिवशी. किंमती रुपये आणि तांग्यांत, सोळा तांगे म्हणजे एक रुपया. आणि मग एक ओळ अशी की सोन्याच्या पाटल्यांचा जोड पहिल्या पत्नीच्या माहेरचा आहे, तो यात धरू नये. दुसऱ्या बायकोने पहिलीच्या पाटल्या वेगळ्या काढून ठेवल्या, कोर्टाला सांगून. तिला कोणी विचारलं नसतं. घरफोडी म्हणे.

आणि घर फोडलं हा आरोप तर मला मुळातच खोटा निघाला. वारस अज्ञान, म्हणजे वयाने लहान, असला तर इन्व्हेंटरी करावीच लागायची, तो कायदाच होता, ती कोर्टात गेली नव्हती, दोन वर्षांचं पोर मागे राहिलं म्हणून कोर्टच घरी आलं होतं! मुलाच्या हितासाठी नातेवाइकांचं कुटुंब मंडळ नेमायचे, बापाकडचे आणि आईकडचे, त्यात दीर होते आणि तिचा भाऊ होता. हे मी भावकीच्या ग्रुपवर टाकलं तर चार जणांनी अंगठा दिला आणि एकाने सुप्रभातचं फूल.

मग तिने खरं काय केलं? ते नोटरीच्या वह्यांत सापडलं आणि तो दिवस मी विसरणार नाही. नवरा गेल्यावर महिनाभराने तिने थोरल्या दिराच्या नावे मुखत्यारपत्र करून दिलंय, सगळ्या अधिकारांचं, कुळागर बघणं, सुपारी विकणं, कोर्टात उभं राहणं. त्यावेळच्या बायकांचे असे कागद ढिगाने आहेत. आणि त्यावर तिची सही नाहीच. सही येत नसेल त्याच्या वतीने दुसऱ्याने सही करायची पद्धत होती, 'आ रोगु' म्हणतात त्याला, तशी कोणा तिसऱ्याच पुरुषाने तिच्यासाठी केलीय. मी म्हटलं बरोबर, अडाणी असणार. आणि पुढे तीन महिन्यांनी त्याच नोटरीकडे दुसरा कागद. पहिलं मुखत्यारपत्र रद्द. आणि खाली सही, तिची स्वतःची, मोडीत.

संपादक, ती सही मी कशी सांगू तुम्हाला. वर साक्षीदारांच्या रोमन सह्या, शेपट्या काढलेल्या, आणि खाली डावीकडे मोडीत आधी एक आडवी रेघ ओढलेली, जरा वर चढत गेलेली, आणि त्या रेघेला टांगल्यासारखी सात अक्षरं. इतकी दाबून लिहिलीत की पान उलटलं तर मागे उठलेली दिसतात. बोट फिरवायचा मोह झाला, पण तिथल्या बाई बघत होत्या. नोटरीच्या कारकुनाने पोर्तुगीजमध्ये शेरा मारलाय की पक्षकारीण मराठी अक्षरांत सही करते. आता प्रश्न असा की तीन महिन्यांत लिहायला शिकली, की आधीपासून येत होतं आणि पहिल्या वेळी तिच्या हातात कोणी टाक दिलाच नाही? मला वाटतं दुसरंच. अक्षर शिकाऊ नाही ते.

इथून पुढे तिने कुळागर स्वतः चालवलं, मरेपर्यंत, सत्तेचाळीस वर्षं. हे कळलं ते घरातल्या कागदांवरून. आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक ट्रंक होती, त्यात लाल फडक्यात बांधलेल्या वह्या, अर्ध्याअधिक वाळवीने खाल्लेल्या. बाबांना वाटायचं पोथ्या आहेत म्हणून कोणी टाकल्या नाहीत, एवढंच नशीब. तिच्या कीर्दी निघाल्या त्या. मोडीत. मोडी मी ऑनलाइन क्लास लावून शिकले, रात्री जेवणं झाल्यावर, सहा महिने. सांगते, वाटतं तेवढं अवघड नाही पण ऱ्हस्व-दीर्घ विसरा, शब्द तोडून लिहिलेले नसतात, आणि आकड्यांच्या पुढच्या उभ्या रेघा म्हणजे पाव, अर्धा, पाऊण हे माहीत नसेल तर हिशेब जुळायचे नाहीत. मी पहिले पंधरा दिवस पाऊण मणाला एकशे अकरा वाचत होते आणि वाटलं काय श्रीमंत बाई होती.

दुसरी एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. कोर्टाचे कागद इसवी सनात आणि घरच्या वह्या शकात. शकात ७८ मिळवले की सन येतं हे शाळेत शिकलो, पण शक बदलतो पाडव्याला. म्हणजे शके १८३५ चा माघ हा १९१३ चा नाही, १९१४ चा. मी ते ७८ मिळवून मोकळी झाले आणि तीन आठवडे मला कळेना की विकलेली सुपारी झाडावरून उतरायच्या आधीच कशी विकली गेली.

वह्यांत बाई कशी दिसते? बडबडी नाही. रोजचा खर्च, पाडेलीची, म्हणजे झाडावर चढून फळं उतरवणाऱ्याची, मजुरी, सोलणीला बसलेल्या बायकांना किती, देवस्थानाला किती, मिठाचा हिशेब, आगबोटीचं भाडं एकदा. पण मधेच काहीतरी लिहिलेलं असतं. एका ठिकाणी फोंड्याच्या व्यापाऱ्याचा हिशेब आणि पुढे, "वजनात मारतो. पुढील खेपेस आपला काटा नेणे." आणि पुढच्याच हंगामात खर्चात काटा एक नग. हे वाचून मी एकटीच खोलीत हसत होते, सून बघायला आली.

जिच्याशी नाव जोडलं ती घरफोडी आणि तो कारकून, त्या कारकुनाचंपण आहे त्यात. त्याला महिन्याला सहा रुपये देत होती, न चुकता, प्रत्येक महिन्याची नोंद. शके १८४० च्या अश्विनात त्याच्या औषधाचा खर्च आहे, म्हणजे १९१८, इन्फ्लुएंझाची साथ देशभर होती ते साल. कार्तिकात त्याच्यापुढे काही नाही. आणि मार्गशीर्षापासून तेच सहा रुपये 'कारकुनाचे बायकोस', पुढे चार वर्षं. आता यावरून नाव जोडलेलं होतं ते खरं की खोटं ते ठरत नाही. भावकीतल्या एकाने मला लगेच विचारलं की चार वर्षं कशाला देत होती मग? मी म्हटलं, तू तुझ्या वॉचमनच्या बायकोला एक महिना दे, मग बोलू. आणि समजा असलंच काही, तर एकविसाव्या वर्षी विधवा झालेल्या बाईचं मी काय करू? कोर्टात खेचू?

पण तिला देवी करायला बसलेय असं समजू नका. मला काही गोष्टी सापडल्या त्या आवडल्या नाहीत. ती व्याजाने पैसे द्यायची, आणि गहाणखतांचं एक बाड आहे त्यात शेजारच्या वाड्यावरच्या एका बाईचा माडांचा तुकडा तिच्याकडे गहाण आहे, तीपण विधवाच, आणि तीन वर्षांनी तो तुकडा आमच्या नावावर लागलाय. व्यवहार कायदेशीर आहे. सही त्या बाईची नाही, 'आ रोगु'. माझ्या पणजीची मात्र आहे, तीच दाबून केलेली. तो तुकडा आम्ही नव्वदच्या दशकात विकला, माझ्या लग्नाच्या खर्चात त्यातले पैसे असणार. वाचून झाल्यावर दोन दिवस मी ट्रंक उघडली नाही.

नाशिकचं राहिलं. आपल्याकडचे जुने लोक नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेले की तिथल्या तीर्थोपाध्यांच्या वहीत नाव लिहून यायचे, गावानुसार आणि आडनावानुसार त्या वह्या ठेवलेल्या असतात, पिढ्यानपिढ्या. आम्ही गेल्या डिसेंबरात गेलो. उपाध्यांनी आडनाव आणि गाव विचारलं, आत गेले, लांबोडकी वही घेऊन आले आणि दहा मिनिटांत आमचं पान. पणजोबा आहेत, त्यांचे वडील आहेत, सगळे पुरुष, मला तीच भीती होती. मग खाली वेगळ्या शाईत, १९२३ सालची नोंद. ती स्वतः आलेली, मुलाला घेऊन, आजोबा चौदा वर्षांचे असतील. आणि इतरांनी बाप, आजा, पणजा लिहिलंय तिथे तिने त्यांची नावं लिहून झाल्यावर पुढे आपल्या आईचं नाव लिहिलंय. आणि आईच्या आईचं. त्या दोन बायकांची नावं माझ्या माहितीत जगात दुसरीकडे कुठेच लिहिलेली नाहीत.

एवढ्या सगळ्या उचापती करून मग मी मूळ प्रश्नाकडे आले की म्हाळाच्या यादीतून तिला काढलं कोणी. मला खात्री होती भावकीने मुद्दाम काढलं. रागाने काढलं. मी तर भाषण तयार ठेवलं होतं. आणि ट्रंकेच्या तळाशी आजोबांच्या हातची यादी मिळाली, त्यात तिचं नाव स्वच्छ आहे, पहिलीचंही आहे, दोन्ही. घोटाळा बाबांनी केला होता. आजोबा गेल्यावर बाबांना यादी सापडेना म्हणून त्यांनी थोरल्या घरच्या काकांकडची उतरवून घेतली, आणि त्या घरच्या यादीत तिचं नाव कशाला असेल, त्यांना फक्त पहिली मान्य. बाबांनी जशीच्या तशी उतरवली. माझे बाबा, जे गृहपाठात एक काना चुकला तर परत लिहायला लावायचे. आजीचं नाव त्यांना आठवलं नसेल? की आपण तिला नावाने कधी हाकच मारत नाही म्हणून नाव असं काही असतं हेच डोक्यात आलं नाही? विचारायला ते नाहीत आता.

पणजीच्याच तालुक्यात, केरीला, जवळजवळ तिच्याच वयाच्या गायिका केसरबाई केरकर जन्मल्या. त्यांचा आवाज १९७७ साली तबकडीवर कोरून व्हॉयेजर यानातून सूर्यमालेच्या बाहेर निघाला. आणि आमच्या पणजीचं नाव घरच्या म्हाळापर्यंत पोचेना. प्रत्येकीची तबकडी निघत नाही, कबूल. पण म्हणूनच म्हणते, तबकडी नसेल तिथे कीर्द बघा, गहाणखत बघा, देवस्थानाच्या पावत्या बघा. पोर्तुगीज सरकारचं बुलेटिन १८३७ पासून निघायचं, त्यात कोर्टाच्या नोटिसा यायच्या, वारसांना हजर व्हायला सांगणाऱ्या, त्यात विधवांची नावं सापडतात. जुनी वर्तमानपत्रं सेंट्रल लायब्ररीत आहेत. आणि भटजींना विचारा. हे कोणाच्या लक्षात येत नाही पण श्राद्धात आई, आजी, पणजी आणि आईच्या माहेरच्यापण घ्याव्या लागतात, म्हणजे बायकांची तीन पिढ्यांची नावं आपल्या धर्मानेच सांभाळायला सांगितलीत, वंशवृक्ष छापणाऱ्यांनी नाही.

एक राग आहे तो लिहूनच टाकते. आमच्या एका नातेवाइकांनी त्यांचं जुनं घर होमस्टेला द्यायचं म्हणून साफ केलं. दोन पोती कागद निघाले. मी फोन केला तर म्हणाले अगं काल सांगितलं असतंस तर, आजच जाळले, वाळवी होती. त्यात थोरल्या दिराकडची बाजू असणार, त्याचे हिशेब, कदाचित त्याची पत्रं. मला ती हवी होती हो. पणजीच्या वह्यांत तो फक्त 'थोरल्या घरचे' म्हणून येतो, तिने नाव टाकलंच होतं त्याचं, जसं त्यांनी तिचं टाकलं. त्यालापण काही म्हणायचं असेल. आता घरं विकली जातायत, पाडली जातायत, रोज एखादं. गाद्या आणि पितळी भांडी नीट वाटून घेतात, कागद जाळतात. निदान मोबाईलवर फोटो काढा, वाचणारं कोणीतरी मिळतं.

यंदाच्या म्हाळाला नवीन यादी केली. दोन्ही पणज्या आहेत. नाशिकच्या वहीतल्या त्या दोघीपण घ्यायच्या का म्हणून भटजींना विचारलं, ते म्हणाले तुमच्या पणजीच्या माहेरच्या त्या, शास्त्रात बसत नाहीत, पण शेवटी सर्वांसाठी म्हणून एक पिंड असतो त्यात नाव घेऊन टाका, कोण अडवतंय. दादाने वाचायला घेतलं. पणजीच्या नावाशी आला तर आते मागून म्हणाली, "बाई लाव फुडें. नुसतें नांव घेवं नाका." दादाने बाई लावलं. यादी अजून लॅमिनेट केलेली नाही.

आता तुमच्या वाचकांना एक विनंती, त्यासाठीच खरं तर हे एवढं पत्र. फोंडा बाजारात १९११ ते १९४० या काळात सुपारीचा घाऊक व्यापार करणाऱ्या घराण्यांपैकी कोणाकडे जुन्या खतावण्या असतील तर कृपया एकदा उघडून बघा. स्वतःचा काटा घेऊन येणारी एक बाई त्यात असेल. तुमच्याकडे ती गिऱ्हाईक म्हणून नाही, माल घालणारी म्हणून असणार, आणि बहुधा तिच्या नावापुढे काहीतरी बरंवाईट लिहिलेलं असेल. जे असेल ते चालेल. माझा पत्ता संपादकांकडे आहे.

आपली नम्र,
एक वाचक, फोंडा